कूस आणि करार

‘सरोगसी’ या इंग्रजी शब्दास मराठीत अद्यापि सर्वमान्य प्रतिशब्द मिळालेला नाही, आणि जे सुचविले जातात त्यांपैकी जवळजवळ प्रत्येकात सुचविणाराचा निकाल आधीच येऊन बसलेला असतो. वर्तमानपत्रे ‘भाडोत्री माता’ लिहितात. ‘भाडोत्री’ हे विशेषण आपण साक्षीदारांस, सैनिकांस आणि सभेत टाळ्या वाजविणारांस लावतो; तेव्हा त्या स्त्रीविषयी वाचकाने काय समजावयाचे ते निराळे सांगावे लागत नाही. ‘उसने मातृत्व’ हा शब्द कानास गोड लागतो खरा, पण उसनी वस्तू ज्याची त्यास परत करावयाची असते, आणि येथे परत जाते ते मूल. मातृत्वाचे काय होते याविषयी शब्द मौन धरतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘दुसऱ्याच्या जागी नेमलेला’ एवढाच आहे. एका माणसाच्या जागी दुसरे माणूस नेमता येते की काय, आणि येत असल्यास कोणत्या कामी, हाच या लेखाचा विषय असल्यामुळे मी तो परका शब्दच ठेवतो. जी स्त्री दुसऱ्या दांपत्यासाठी गर्भ वाहते तिला मात्र ‘धात्री’ म्हणावे असे मला वाटते. संस्कृतात धात्री म्हणजे दाई, उपमाता. आणि पृथ्वीसही ते नाव आहे. त्यात भाड्याचा वास नाही आणि देव्हाऱ्यातील धूपही नाही.

यामागील शास्त्र थोडक्यात सांगता येते. स्त्रीबीज व पुरुषबीज यांचा संयोग शरीराबाहेर घडवून सिद्ध झालेला गर्भ गर्भाशयात ठेवावयाचा, ही ती युक्ती. या मार्गाने पहिले मूल 25 जुलै 1978 रोजी इंग्लंडात जन्मास आले. त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला कलकत्त्यास डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने दुसरे आले. परंतु त्या थोर संशोधकाच्या वाट्यास हयातीत अवहेलनाच आली. पुढे 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंदकुमार यांनी ही गोष्ट करून दाखविली, आणि तिची नोंद शास्त्रीय जगताने घेतली. गर्भ एकदा शरीराबाहेर सिद्ध होऊ लागला म्हणजे तो कोणाच्या कुशीत ठेवावयाचा, हा प्रश्न वैद्याच्या हातून निसटून नीतिशास्त्राच्या हाती येतो.

प्रस्तुत लेखक अनेक वर्षे पिंपरी-चिंचवडच्या परिसरात राहत आहे, आणि या प्रश्नास येथे जी धार येते ती अन्यत्र क्वचितच येत असेल. पिंपरीस 1954 साली पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना 1962 ची. त्यानंतर चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांची शेते एकामागून एक गिरण्यायंत्रांखाली गेली. चाकण हे तर परवापरवापर्यंत संग्रामदुर्गाचे आणि कांद्याच्या बाजाराचे गाव. आज त्याच्या आसमंतात मोटारींचे अजस्र कारखाने उभे आहेत आणि सकाळ-संध्याकाळ कामगारांनी भरलेल्या बसगाड्यांनी रस्ते तुंबतात. येथे मनुष्याचे देहश्रम तासांवर मोजून विकत घेणे व देणे ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की तिजमध्ये काही विचारण्यासारखे आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. आपल्या भाषेने तर येथे एक चमत्कारच करून ठेवला आहे: कारखान्यातील कामाच्या वेळेस आणि स्त्रीच्या मासिक धर्मास ती एकच शब्द वापरते, ‘पाळी’. हाताची, पाठीची, डोळ्यांची पाळी विकता येते. मग कुशीची पाळी विकण्यास प्रत्यवाय कोणता? हा प्रश्न वर्गातील एका विद्यार्थ्याने मला विचारला. तो पोर चावटपणाने विचारीत नव्हता. त्याचा बाप ठेकेदाराकडे कामास होता आणि यंत्रात त्याची दोन बोटे गेली होती.

प्रथम मूल नसण्याच्या दुःखाविषयी. सुशिक्षित घरांतून या दुःखाविषयी एक प्रकारच्या तुच्छतेने बोलण्याची चाल आहे. ‘देशाची लोकसंख्या एवढी वाढली असता आणखी एका मुलासाठी हा अट्टाहास कशास?’ असे म्हणणारे गृहस्थ बहुधा दोन मुलांचे बाप असतात. ज्या स्त्रीस ओटीभरणाचे बोलावणे येता येता थांबते, जिला डोहाळजेवणास बोलावितात पण पाळण्याची दोरी हाती देताना क्षणभर अडखळतात, तिला लोकसंख्येचे आकडे सांगणे हे भुकेल्यास धान्याचे बाजारभाव सांगण्यासारखे आहे. चिंचवडच्या देवस्थानाची परंपराच अशा एका व्याकुळतेपासून निघालेली सांगतात. मोरया गोसाव्यांच्या आईबापांनी अपत्यासाठी मोरगावी गणपतीची आराधना केली, अशी कथा आहे. अपत्याची इच्छा ही सर्वस्वी समाजाने लादलेली आहे, असे म्हणणारांशी माझे जुळत नाही. समाज तिला क्रूर करतो; निर्माण करीत नाही.

आता कायद्याची कथा. या शतकाच्या पहिल्या दशकात गुजरातेतील आणंद हे गाव या व्यवहारासाठी जगभर प्रसिद्धीस आले. आरंभ मोठा हृद्य होता. 2004 साली तेथे एका आजीने आपल्या विलायतेतील लेकीची जुळी मुले आपल्या कुशीत वाढवून तिच्या ओटीत घातली. पण त्याचा बाजार व्हावयास वेळ लागला नाही. 2008 साली एक जपानी जोडपे मुलीच्या जन्मापूर्वीच विभक्त झाले. स्त्रीबीज एका अनामिक भारतीय स्त्रीचे, कूस आणंदच्या धात्रीची, इच्छा जपानी बाईची. आणि जन्मास आलेल्या त्या तान्ह्या मुलीस कायद्याच्या दृष्टीने आई मात्र एकही नव्हती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तिची आजी तिला जपानास घेऊन गेली. मराठी वाचकांस समृद्धी पोरे यांचा 2011 चा ‘मला आई व्हायचंय!’ हा बोलपट आठवत असेल. परदेशी बाई गर्भ ठेवून निघून जाते आणि खेड्यातील यशोदा ते मूल वाढविते. राष्ट्रीय पारितोषिक मिळालेल्या त्या बोलपटाच्या लेखिका-दिग्दर्शिका स्वतः वकील आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. 2015 साली परकीयांस हा मार्ग बंद करण्यात आला, आणि 2021 च्या सरोगसी नियमन कायद्याने, जो 25 जानेवारी 2022 पासून अमलात आला, पैशाचा व्यवहारच निषिद्ध ठरविला. आता धात्री ही विवाहित किंवा एकदा विवाह झालेली, स्वतःचे मूल असलेली, 25 ते 35 वर्षांची असावी. तिने जन्मात एकदाच हे काम करावे. स्वतःचे बीज देऊ नये. आणि औषधोपचार, नियमाने ठरविलेले खर्च व 36 महिन्यांचा विमा यांपलीकडे एक पैही घेऊ नये. घेणाऱ्या-देणाऱ्यांस दहा वर्षांपर्यंत कारावास व दहा लाखांपर्यंत दंड सांगितला आहे.

बाजार बंद झाला याचे मला दुःख नाही. ज्या बाजारात एका बाजूस डॉलर आणि दुसऱ्या बाजूस नवऱ्याचे कर्ज उभे असते, तेथे भाव ठरतो तो वस्तूचा नव्हे, गरजेचा. परंतु कायदा करणारांनी त्याबरोबर एक गृहीतही मान्य करून टाकले, आणि ते मला तपासून पाहण्यासारखे वाटते. ते गृहीत असे की, व्यवहारातून पैसा काढून घेतला म्हणजे मागे उरते ते दान.

दानाची पहिली अट, ते नाकारण्याचे स्वातंत्र्य. ज्यास ‘नाही’ म्हणता येत नाही त्याचे ‘हो’ हे दान नव्हे. ती वसुली होय, मग तीत नाणे असो वा नसो. माझा एक जुना विद्यार्थी चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी पर्यवेक्षक आहे. त्याच्या पत्नीचे पहिल्या बाळंतपणात मूल गेले, आणि रक्तस्राव थांबेना म्हणून गर्भाशयही काढावे लागले. अंडाशय शाबूत होते. म्हणजे कायद्याच्या परिभाषेत सरोगसीस पात्र असे हे प्रकरण. घरात धाकटा भाऊ, त्याची सत्तावीस वर्षांची बायको, त्यांचा चार वर्षांचा मुलगा. सासूबाईंनी एके दिवशी जेवताना विषय काढला आणि धाकट्या सुनेने पानावरून मान वर न करता होकार दिला. हा गृहस्थ माझ्याकडे आला तो पेढे देण्यास नव्हे. “सर, ती हो म्हणाली आहे,” तो म्हणाला. “पण तिला नाही म्हणता आलं असतं का?”

नीतिशास्त्राच्या किती ग्रंथांत हा प्रश्न इतक्या थोड्या शब्दांत मांडलेला सापडेल याची मला शंका आहे. कायदा धात्रीची लेखी संमती मागतो. तीही तिला समजणाऱ्या भाषेत घ्यावी, परिणाम समजावून घ्यावी, असे सांगतो. हे उत्तमच आहे. पण एकत्र कुटुंबातील धाकट्या सुनेस जी भाषा समजते ती कागदावर उतरत नाही. ती थोरल्या दिराच्या पगारावर घराचा हप्ता फिटत असल्याची भाषा आहे. सासूच्या उसाशाची भाषा आहे. मूत्रपिंडदानाचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. 1994 च्या कायद्याने अवयवांची विक्री बंद केली आणि जवळच्या नातलगांकडून दान घेण्याची वाट ठेवली. तेव्हापासून जिवंतपणी अवयव देणारांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून बरीच अधिक, आणि घेणारांत पुरुषांची. पत्नी देते, आई देते, बहीण देते. यातील किती दाने प्रेमाची आणि किती रिवाजाची, हे देणारीसही नेहमी सांगता येईल असे नाही. सरोगसीच्या 2019 च्या विधेयकात तर धात्री ‘जवळची नातलग’च असली पाहिजे अशी अट होती, संसदीय समितीने ती काढावयास लावून ‘राजी असलेली स्त्री’ असा शब्द घातला, हे योग्य झाले. पण पैसा घ्यावयाचा नाही म्हटल्यावर परकी स्त्री पुढे येणार कोठून? व्यवहारात वाट फिरून घराच्या उंबऱ्याशीच येते.

त्या विद्यार्थ्यास मी काही सल्ला दिला नाही. त्याने स्वतःच एक गोष्ट केली, जी मला फार शहाणपणाची वाटते. धाकटीला महिनाभर माहेरी पाठविले, आणि उत्तर तिने थोरल्या जावेसच, एकटीला, दूरध्वनीवर द्यावे असे ठरविले. ‘नाही’ आल्यास घरात कारण विचारावयाचे नाही. उत्तर ‘नाही’ आले. तिला पहिल्या खेपेस रक्तदाबाचा त्रास झाला होता आणि ती भीती तिने नवऱ्यालासुद्धा कधी बोलून दाखविली नव्हती. थोरली दोन दिवस जेवली नाही. पण जावाजावांचे बोलणे तुटले नाही. जेवणाच्या पाटावरील तो पहिला होकार ग्राह्य धरून काम सुरू झाले असते, तर कायद्याच्या दृष्टीने त्यात काडीचेही वैगुण्य निघाले नसते.

याच्या उलट बाजूस पुण्यातील एक प्रसिद्ध घटना ठेवून पाहावी. 18 मे 2017 रोजी पुण्याच्या गॅलेक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांनी एका आईचे गर्भाशय काढून तिच्या मुलीच्या पोटात बसविले. हिंदुस्थानातील हे पहिलेच गर्भाशय-प्रत्यारोपण. पुढे 2018 च्या ऑक्टोबरात अशाच दुसऱ्या एका मुलीस, आईच्या गर्भाशयात, कन्यारत्न झाले. म्हणजे ज्या कुशीत आई वाढली त्याच कुशीत तिची लेकही वाढली. या घटनेचे सर्वांनी कौतुकच केले. कोणीही नाक मुरडले नाही. मला प्रश्न पडतो तो हा की, कायमची दिलेली कूस आपणास उदात्त वाटते आणि नऊ महिन्यांपुरती दिलेली कूस संशयास्पद, असे का? प्रत्यारोपणात तर शस्त्रक्रिया दोघींवर, धोका दोघींना. भेद असा दिसतो की पहिल्या प्रकारात दिला जातो तो अवयव, आणि देणारी बाजूस होते. दुसऱ्यात अवयवाबरोबर ती स्त्रीही द्यावी लागते. तिचे खाणे, झोपणे, ओकाऱ्या, भीती, नवऱ्याशी असलेले तिचे नाते, हे सारे करारात ओढले जाते. यंत्रावरचा कामगार भोंगा झाला की हात धुऊन घरी जातो. धात्रीच्या कामास भोंगाच नाही. गर्भ कुशीत ठेवीपर्यंत तिला माघार घेता येते, त्यानंतर नाही.

माझ्या विद्यार्थ्याच्या ‘कुशीची पाळी’ या प्रश्नास हे उत्तर द्यावे असे मला काही काळ वाटत होते. पण ते पुरते टिकत नाही. जहाजावरचा खलाशी भर समुद्रात राजीनामा देऊ शकत नाही, सीमेवरचा शिपाई पाळी संपली म्हणून परतत नाही; आणि म्हणून आपण त्यांचे वेतन बंद करीत नाही. उलट काम जितके न सोडता येण्याजोगे, तितका मोबदला अधिक, असाच न्याय आपण सर्वत्र लावतो. एकट्या धात्रीच्या बाबतीत मात्र कामाचे पावित्र्य हेच ते फुकट घेण्याचे कारण होते. डॉक्टर फी घेतो, प्रयोगशाळा घेते, वकील घेतो, विमा कंपनी हप्ता घेते. यांपैकी कोणालाही परोपकाराची सक्ती नाही. 2017 साली संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने हाच विसंवाद दाखवून, बुडालेल्या मजुरीसह वाजवी भरपाई धात्रीस द्यावी अशी शिफारस केली होती. ती मानली गेली नाही.

पैशाच्या विरुद्ध जो सर्वांत गंभीर युक्तिवाद आहे तो कांटच्या विचारातून निघतो. ज्या वस्तूची जागा दुसरी घेऊ शकते तिला किंमत असते. मनुष्यास किंमत नसते, प्रतिष्ठा असते. आता गंमत अशी की ‘सरोगेट’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘जागा घेणारा’ असा आहे. म्हणजे कांटला जे नको तेच नेमके या व्यवहाराच्या नावात बसले आहे. पण नीट पाहिले तर धात्री जागा कोणाची घेते? आईची म्हणावे, तर आई पुढे जन्मभर आई राहावयाचीच आहे. ती जागा घेते एका निकामी झालेल्या अवयवाची. आणि माणसास अवयवाच्या पायरीवर बसविणे हाच जर अपमान, तर तो पैसे दिल्याने होतो तितकाच न दिल्यानेही होतो. 1970 साली रिचर्ड टिटमस या इंग्रज समाजशास्त्रज्ञाने रक्तदानाविषयी मोठा विचारप्रवर्तक ग्रंथ लिहून, विकत घेतलेल्या रक्तापेक्षा दान मिळालेले रक्त समाजास अधिक हितकर असे प्रतिपादिले. ते मला पटते. पण रक्त देणारा अर्ध्या तासात उठून चहा पितो. आणि मुख्य म्हणजे आपले रक्त कोणास गेले हे त्यास ठाऊक नसते, म्हणून कोणाचे दडपणही त्याजवर नसते. नात्यातले दान आणि अनोळख्यास केलेले दान यांस एका मापाने मोजणे बरोबर होणार नाही. मला स्वतःला असे वाटते की, घासाघीस होऊ न शकणारी, राज्याने ठरविलेली, सर्वांस सारखी अशी एक रक्कम धात्रीच्या नावावर जमा व्हावी. तीत बुडालेली मजुरी यावी आणि पुढील आजारपणाची तरतूदही यावी. ही किंमत नव्हे, देणे आहे. असे केल्याने बाजार पुन्हा डोके वर काढील, ही भीती निराधार नाही. तथापि घरातल्या धाकट्या सुनेवर पडणारा भार त्याने थोडा तरी हलका होईल, आणि मला ती भीती अधिक जवळची वाटते.

दुसरा प्रश्न, मूल कोणाचे? येथे आपली परंपरा आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ अधिक विचारी आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बीज श्रेष्ठ की क्षेत्र श्रेष्ठ असा वाद मांडला आहे. दुसऱ्याच्या शेतात पडलेल्या बियाण्याचे पीक शेतवाल्याचे, असे तेथे म्हटले आहे. पण आधी बोली झाली असल्यास दोघेही वाटेकरी. चाकणकडील शेतकऱ्यास यात नवीन काहीच नाही. बटाईचा व्यवहार तो पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. या उपमेत एक दोष मात्र आहे, आणि तो प्राणघातक आहे: शेतास जीभ नसते. बीज-क्षेत्राचा तो सगळा वाद पुरुषापुरुषांमधील आहे. क्षेत्राची साक्ष त्यात कोणी काढलेली नाही. पुत्रांच्या बारा प्रकारांत ‘क्रीत’ म्हणजे विकत घेतलेला पुत्रही तेथे गणला आहे, हे पाहून आपल्या बाजाराच्या नवलाईविषयीही भ्रम उरत नाही. देवकीच्या उदरातील गर्भ रोहिणीच्या उदरात ओढून नेला म्हणून बलरामास संकर्षण म्हणतात, ही कथा सरोगसीचे समर्थक फार सांगतात. सांगोत बापडे. पण तीत रोहिणीस कोणी विचारल्याचा उल्लेख माझ्या वाचनात नाही.

आजचा कायदा या वादात बीजाच्याही बाजूस नाही आणि क्षेत्राच्याही नाही. तो संकल्पाच्या बाजूस आहे. मूल व्हावे म्हणून ज्यांनी संकल्प केला तेच आईबाप. मुंबई उच्च न्यायालयापुढे 2024 च्या ऑगस्टमध्ये निकालात निघालेले एक प्रकरण या दृष्टीने मननीय आहे. एका स्त्रीस तिच्या धाकट्या बहिणीने स्त्रीबीज दिले, तिसऱ्या स्त्रीने गर्भ वाहिला, 2019 साली जुळ्या मुली झाल्या. पुढे नवराबायकोत बिनसले. नवरा मुलींना घेऊन वेगळा झाला, आणि बीज देणारी बहीणही त्याच घरात राहू लागली. मुलींना भेटू द्यावे म्हणून पहिली न्यायालयात गेली, तेव्हा नवऱ्याचे म्हणणे असे पडले की, खरी आई ती बहीणच. हिचा मुलींवर हक्क काय? उच्च न्यायालयाने 2005 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांचा आधार घेऊन सांगितले की बीज देणारीस आईपणाचा हक्क पोचत नाही, आणि त्या स्त्रीस मुलींच्या भेटीचा अधिकार दिला. जिने बीजही दिले नव्हते आणि गर्भही वाहिला नव्हता ती आई ठरली. निकाल मला योग्य वाटतो. मुलींनी ‘आई’ म्हणून जिला ओळखले होते ती तीच होती, आणि मुलांची ओळख ही कोणत्याही बीजाहून बळकट असते.

पण मग बीजही नको आणि कूसही नको, तर सरोगसी तरी कशास हवी, असे कोणी म्हणेल. हे म्हणणे खोडून काढणे कठीण आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना मूल नव्हते. 1863 साली त्यांनी पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि 1874 च्या सुमारास एका विधवेच्या पोटी आलेला यशवंत त्यांनी आपला केला. तो पुढे डॉक्टर झाला, आणि 1897 च्या प्लेगात सावित्रीबाईंनी रोग्यांची सेवा केली ती त्याच्याच दवाखान्याच्या आश्रयाने. आईबापपणाचा यापेक्षा निर्मळ दाखला मला ठाऊक नाही. तरीही प्रत्येक निपुत्रिक जोडप्याच्या तोंडावर हा दाखला फेकणे मला पसंत नाही. थोरपणा कोणावर सक्तीने लादता येत नाही. आणि दत्तकाची वाट आज वाटते तितकी मोकळीही नाही. माझ्या विद्यार्थ्याने अखेर तेथेच नाव नोंदविले आहे, आणि तीन वर्षे तरी थांबावे लागेल असे त्यास सांगण्यात आले आहे.

कायद्याने वगळलेल्यांविषयी दोनच वाक्ये लिहितो. विधवा व घटस्फोटिता यांस 35 ते 45 या वयात हा मार्ग मोकळा आहे, अविवाहितेस नाही. म्हणजे आई होण्याची पात्रता एकदा लग्न झाल्याने येते आणि ते मोडल्यानेही जात नाही, असा त्याचा अर्थ होतो. हे तर्कास धरून आहे असे कायद्याचा मसुदा करणारासही मनातून वाटले नसेल.

रजेच्या प्रश्नाकडे पुष्कळ लोक क्षुद्र म्हणून पाहतात. मला तो तसा वाटत नाही. नागपूर खंडपीठाने 2015 साली एका अध्यापिकेस, तिचे मूल दुसरीच्या कुशीत वाढले असताही, प्रसूतिरजेचा हक्क आहे असा निर्णय दिला. 2017 च्या दुरुस्तीने अशा आईस मूल हाती आल्यापासून बारा आठवडे मिळू लागले, आणि तीच तरतूद पुढे सामाजिक सुरक्षा संहितेत उतरली. 2024 च्या जूनमध्ये केंद्र सरकारने आपल्या नोकरवर्गापुरते याहून पुढे जाऊन, आई व धात्री दोघींसही 180 दिवसांची रजा मान्य केली. धात्रीचेही एक शरीर आहे व ते झिजते, हे मान्य करणारा सरकारी कागद मी तरी प्रथमच पाहिला. चाकणच्या एखाद्या ठेकेदाराकडे पाळीवर जाणाऱ्या बाईपर्यंत तो पोचत नाही. तिने रजा मागावी कोणाकडे, हे ठेकेदार दर वर्षी बदलत असल्यास तिला तरी कसे समजावे?

जन्मनोंदीची गोष्ट राहिली. इंग्लंडात जन्म देणारी स्त्री हीच प्रथम कायद्याने आई मानली जाते. मागाहून न्यायालयाच्या आज्ञेने आईबापपण दांपत्याकडे जाते, आणि अठरा वर्षांचे झाल्यावर मुलास आपल्या मूळ जन्मनोंदीची प्रत मागता येते. आपल्याकडे प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याचा आदेश आधीच घेतलेला असतो. मूल जन्मते ते दांपत्याचेच म्हणून नोंदले जाते, आणि धात्रीचे नाव त्या दाखल्यावर येत नाही. मुलास एका रेषेत उभे राहता यावे, तीन नावांच्या ओझ्याने त्याची शाळेच्या दारात ओढाताण होऊ नये, हा त्यातील हेतू चांगला आहे. पण ज्या बाईचे रक्त नऊ महिने त्याला पोशीत होते ती कोण, हे विचारावेसे त्याला एखादे दिवशी वाटेल. कायद्याने चिकित्सालयांवर हे सर्व कागद 25 वर्षे जपून ठेवण्याची सक्ती केली आहे. ते पाहण्याचा हक्क अधिकाऱ्यांस दिला आहे. त्या मुलास तो कोठे दिलेला नाही.